शिंका, धाप आणि खाज : गरोदरपणातली ॲलर्जी नीट ओळखूया

पाऊस ओसरला, की महाराष्ट्रात दोन कामं एकाच वेळी अंगावर येतात : घरात नवरात्र-दिवाळीची साफसफाई आणि शेतात सोयाबीनची काढणी-मळणी. माळ्यावरची वर्षभराची धूळ खाली येते, खळ्यावर भुसा उडतो, रस्त्याकडेचं गवत फुलोऱ्यावर असतं. ज्यांना एरवीही शिंका येतात, त्यांचे या दिवसांत हाल होतात. त्यातून दिवस गेलेले असतील, तर त्रासापेक्षा मोठा प्रश्न समोर येतो : आता गोळी घ्यायची की नाही?

घरातून दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, “या दिवसांत औषध नको, थोडं सोस.” दुसरा, डब्यात उरलेली सर्दीची गोळी हातावर ठेवून, “घे, काही होत नाही.” दोन्ही मायेपोटीच दिलेले असतात आणि दोन्हींत धोका आहे. सोसत राहिलेल्या दम्यामुळे बाळाला मिळणारा ऑक्सिजन कमी पडू शकतो. सर्दीच्या तयार गोळीत गरोदरपणात टाळावं असं औषध मिसळलेलं असू शकतं. त्रास नेमका कशाचा ते ओळखा, घरात करता येईल ते करा आणि लागेल ते औषध डॉक्टरांना विचारून वेळेवर, पुरेसं घ्या. हे कसं करायचं, ते क्रमानं पाहू.

नाक कशामुळे चोंदलं आहे?

गरोदरपणात नाकाचे चार त्रास एकसारखे वाटतात, पण त्यांची कारणं आणि उपाय वेगळे आहेत.

पहिला त्रास गरोदरपणाचाच. संप्रेरकांमुळे आणि शरीरात वाढलेल्या रक्तामुळे नाकाच्या आतलं अस्तर सुजतं. शिंका नाहीत, ताप नाही, खाज नाही, तरी नाक बंद. रात्री आडवं झालं की जास्तच. साधारण पाचांतल्या एकीला हे होतं. ते सहा आठवडे किंवा त्याहून जास्त टिकतं आणि बाळंतपणानंतर दोनेक आठवड्यांत आपोआप जातं. नाक शिंकरताना थोडं रक्त दिसणं किंवा दात घासताना हिरड्यांतून रक्त येणं, हेही बहुतेक वेळा याच कारणानं होतं.

दुसरा त्रास ॲलर्जीचा. सकाळी उठल्याउठल्या ओळीनं शिंका, पाण्यासारखं गळणारं नाक, डोळ्यांना पाणी आणि नाक, टाळू, डोळे यांना सुटणारी खाज. खाज ही याची मुख्य खूण. ताप नसतो. ठरावीक महिन्यात, ठरावीक खोलीत किंवा ठरावीक कामानंतर तो उसळतो. गरोदरपणात जुनी ॲलर्जी वाढू शकते, कमी होऊ शकते किंवा आहे तशीच राहू शकते.

तिसरी साधी सर्दी. घसा खवखवतो, मग नाक गळतं, पुढे शेंबूड घट्ट होतो आणि सात ते दहा दिवसांत बरं वाटतं. दहा दिवसांनंतरही घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड, गालाच्या किंवा कपाळाच्या हाडावर दुखणं आणि ताप असेल, तर सायनसचा संसर्ग असू शकतो. तो डॉक्टरांना दाखवावा. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आपल्या मनानं घेऊ नयेत. डॉक्सिसायक्लिनसारखी काही अँटिबायोटिक्स गरोदरपणात टाळतात.

चौथा फ्लू. एकाएकी ताप, अंगदुखी, थकवा, खोकला. २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्या साथीत गरोदर स्त्रियांना न्यूमोनियासारख्या गुंतागुंतीचा धोका इतरांपेक्षा जास्त असल्याचं जगभर दिसलं. फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं, तर त्याचा सर्वांत जास्त उपयोग होतो. म्हणून गरोदरपणात तापासह सर्दी-खोकला झाला, तर दोन दिवस वाट पाहत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. फ्लूची इंजेक्शनची लस गरोदरपणात कोणत्याही महिन्यात घेता येते, जागतिक आरोग्य संघटनाही ती घ्यायला सांगते. पुढच्या तपासणीला तिच्याबद्दल आवर्जून विचारा. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस मात्र गरोदरपणात देत नाहीत.

आपल्याकडचे ऋतू आणि त्यांचे त्रास

परदेशी पुस्तकांत ऋतूची ॲलर्जी म्हणजे वसंतातले परागकण. आपल्याकडे ती जवळजवळ वर्षभर वेगवेगळ्या रूपांत येते.

पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि बुरशी धरते. कोकण, गोवा आणि मुंबईत कपाटातल्या कपड्यांना, चपलांना, गाद्यांना येणारा कुबट वास तिचाच. दमट हवेत गाद्या-उशांतले सूक्ष्म किडेही फोफावतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्यांची विष्ठा श्वासातून गेली की शिंका आणि दमा चाळवतो.

पावसानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवतांचे परागकण, मळणीची धूळ, घरातली साफसफाई आणि फटाक्यांचा धूर असे सगळे त्रास एकत्र येतात. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, याच काळात जोमात असतं. १९५०च्या दशकात ते पुण्यात नजरेस आलं आणि तिथून देशभर पसरलं. त्याच्या परागकणांनी शिंका येतात आणि त्याला हात लागला तर काहींच्या कातडीला खाजरा इसब होतो. बांधावरचं हे गवत उपटायचं काम गरोदर बाईनं करूच नये.

हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत साचून राहते. शेकोट्या, उसाचं पाचट जाळल्याचा धूर, शहरात बांधकामांची धूळ आणि गाड्यांचा धूर तिच्यात अडकतो. फेब्रुवारीपासून झाडांचा मोहर, मग धुळवड-रंगपंचमीचे रंग आणि उन्हाळ्यात तिखट-मसाले कुटायचं काम. मसाल्याचा खाट ही खरं तर ॲलर्जी नाही, पण सुजलेल्या नाकाला आणि दम्याच्या छातीला तो सोसत नाही.

यातलं तुम्हाला नेमकं काय सोसत नाही, हे शोधायला एक वही पुरेशी आहे. त्रास झाला त्या दिवशी कुठे होतात, काय काम केलं, कोणत्या वेळी वाढलं, एवढं दोन आठवडे लिहा. गरोदरपणात टोचून करायच्या त्वचेच्या ॲलर्जी चाचण्या सहसा पुढे ढकलतात, म्हणून ही नोंद डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

घरात करता येण्यासारखं

साफसफाई दुसऱ्या कुणीतरी करायची. जळमटं काढणं, माळा रिकामा करणं, गोधड्या झटकणं ही कामं गरोदर बाईकडे नकोत. धुळीचा त्रास होतोच, शिवाय पोट पुढे आल्यावर तोल बदलतो आणि स्टुलावर चढणं धोक्याचं ठरतं. साफसफाई चालू असताना आणि नंतर एक-दोन तास तिनं दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी बसावं. रोजचा केर कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्यानं काढला, तर धूळ उडत नाही. धुळीत जावंच लागलं तर नाकावर नीट बसणारा एन-९५ मास्क लावावा. साडीचा पदर किंवा ओढणी बारीक धूळ अडवत नाही.

चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा कडकडीत गरम पाण्यात धुवावेत. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ते किडे मरतात. ऊन असेल तेव्हा गाद्या दिवसभर उन्हात टाकाव्यात. पावसाळ्यात कपाटं आणि पलंग ओल आलेल्या भिंतीपासून वीतभर दूर सरकवावेत, धुतलेले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नयेत. बुरशी पुसायचं कामही दुसऱ्यानंच करावं.

धूर हा वेगळा मुद्दा आहे आणि तो घरातल्या सगळ्यांनी मनावर घ्यायला हवा. विडी-सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, डासांची कॉइल, बंद खोलीतली उदबत्ती आणि धूप हे सगळे श्वासनलिकांना त्रास देतात. चुलीच्या आणि तंबाखूच्या धुरामुळे बाळाचं वजन कमी भरण्याचा धोकाही वाढतो. कॉइल बंद केली म्हणून डास चावू द्यायचे नाहीत, मच्छरदाणी लावायची. मिशेरी लावायची सवय असेल तर तीही सोडा. मिशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिच्यानं मळमळ थांबते असं काहींना वाटतं, पण तिच्यातलं निकोटिन बाळापर्यंत पोचतं आणि बाळाच्या वाढीला बाधतं.

चोंदलेल्या नाकावर पहिला आणि सर्वांत निर्धोक उपाय मिठाच्या पाण्याचा. पाणी खळखळून उकळायचं आणि कोमट होऊ द्यायचं. पेलाभर पाण्यात पाव ते अर्धा छोटा चमचा साधं मीठ घालायचं आणि स्वच्छ सिरिंजनं किंवा नेतीच्या भांड्यानं दोन्ही नाकपुड्या धुवायच्या. नळाचं किंवा फिल्टरचं न उकळलेलं पाणी नाकात घालू नये. औषधांच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब आणि फवारेही मिळतात. हा उपाय दिवसातून कितीही वेळा केला तरी चालतो आणि गरोदरपणामुळे आलेल्या सुजेवरही उपयोगी पडतो.

वाफेनं थोडा वेळ बरं वाटतं, पण उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाकून, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेताना पातेलं कलंडून पोट आणि मांड्या भाजण्याची भीती असते. त्यापेक्षा गरम पाण्यानं आंघोळ करताना न्हाणीघराचं दार लावून घ्या आणि तिथली वाफ श्वासात घ्या. बाहेरून आल्यावर तोंड-डोळे धुणं, कपडे बदलणं आणि रात्री उशाशी एक जास्तीची उशी घेऊन डोकं-छाती उंच ठेवणं, या साध्या सवयींनी झोप पुष्कळ सुधारते. नाकावर लावायच्या चिकटपट्ट्यांनाही गरोदरपणात हरकत नाही.

औषधं : काय चालतं, काय टाळायचं

सर्वांत आधी सर्दीच्या तयार गोळीबद्दल. आपल्याकडे बहुतेक अशा गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात : तापासाठी पॅरासिटामॉल, शिंकांसाठी सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामाइन आणि नाक मोकळं करायला फिनाइलएफ्रिन. शेवटचं औषध रक्तवाहिन्या आकसवतं. फिनाइलएफ्रिन आणि स्यूडोएफेड्रिनच्या गोळ्या गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत आणि रक्तदाब जास्त असताना टाळाव्यात. तोंडावाटे घेतलेल्या फिनाइलएफ्रिननं नाक मोकळं होतच नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या औषध नियामकाला सल्ला देणाऱ्या तज्ज्ञ समितीनं २०२३ मध्ये काढला. म्हणजे ज्या गोळीत धोका आहे, तिचा उपयोगही नाही. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचा किंवा दुकानदाराला स्पष्ट विचारा : “यात काय काय आहे?”

शिंका आणि खाजेसाठी सेटिरिझिन आणि लोराटाडिन या दोन औषधांचा गरोदर स्त्रियांमधला अनुभव मोठा आहे. त्यांच्यामुळे जन्मदोष वाढल्याचं आढळलेलं नाही, म्हणून डॉक्टर सहसा यांतलं एक निवडतात. क्लोरफेनिरामाइनही जुनं आणि अनुभवातलं, पण झोप आणणारं.

नाक सतत चोंदत असेल तर गोळीपेक्षा नाकातला स्टिरॉइडचा फवारा जास्त काम करतो. ‘स्टिरॉइड’ या शब्दानं घाबरून जाऊ नका. ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, मोमेटासोन यांचे फवारे नाकातच काम करतात आणि रक्तात अगदी कमी उतरतात. डॉक्टरांनी दिले तर ते रोज, नेमानं घ्यायचे असतात. परिणाम दिसायला काही दिवस लागतात, म्हणून दोन दिवसांत सोडू नका. फवारताना नळीचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेनं धरावं. त्यामुळे रक्त येण्याचा त्रास कमी होतो.

दुकानात सहज मिळणारे नाक मोकळं करायचे थेंब वेगळे. त्यांत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं. दोन मिनिटांत नाक मोकळं होतं, म्हणून हात पुन्हा पुन्हा बाटलीकडे जातो. पण तीनेक दिवसांहून जास्त वापरले, की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि थेंबांची सवय लागते. गरोदरपणाची सूज आठवडेच्या आठवडे राहत असल्यानं ही सवय लागायला वेळ लागत नाही. डॉक्टरांनी सांगितले तरच, आणि सांगितले तेवढेच दिवस वापरा.

ताप-अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल हेच पहिलं औषध, लागेल तेवढंच आणि सांगितलेल्या प्रमाणात. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनानं घेऊ नयेत. विसाव्या आठवड्यानंतर त्यांच्यामुळे बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भाशयातलं पाणी कमी होऊ शकतं. कमी मात्रेची ॲस्पिरिन मात्र काही गरोदर स्त्रियांना रक्तदाबाच्या धोक्यासाठी डॉक्टर मुद्दाम देतात. तुम्हाला दिली असेल तर ती मनानं बंद करू नका. ॲस्पिरिननं पूर्वी कधी दमा उसळला असेल, तर तेही सांगा.

घरगुती आणि ‘आयुर्वेदिक म्हणजे निर्धोक’ समजल्या जाणाऱ्या औषधांनाही हाच नियम लावा. अडुळशाचं खोकल्याचं औषध घरोघरी असतं, पण अडुळशातल्या वासिसिन या घटकाचा गर्भाशय आकुंचन पावण्यावर परिणाम दिसून आला आहे. म्हणून गरोदरपणात ते टाळणं बरं. ज्येष्ठमध रोज जास्त प्रमाणात घेतला तर रक्तदाब वाढू शकतो. हळदीचं दूध, मध, चहात किसलेलं आलं, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या एवढं बिनधास्त करा. अनेक वनस्पतींचा तीव्र काढा दिवसातून तीनदा घ्यायचा असेल, तर आधी वैद्यांना गरोदर असल्याचं सांगा.

ॲलर्जीची इंजेक्शनं, म्हणजे इम्युनोथेरपी, आधीपासून चालू असेल आणि सोसत असेल, तर बहुधा आहे त्याच मात्रेवर चालू ठेवतात. गरोदरपणात ती नव्यानं सुरू करत नाहीत.

दमा असेल तर पंप सोडू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. दिवस गेल्याचं कळताच अनेकजणी पंप बाजूला ठेवतात, कारण ‘बाळापर्यंत औषध जायला नको’. पंपातलं औषध थेट फुप्फुसात जातं आणि त्याची मात्रा अगदी लहान असते. उलट ताबा सुटलेल्या दम्यामुळे आईचा रक्तदाब वाढणं, वेळेआधी बाळंतपण होणं आणि बाळाचं वजन कमी भरणं, हे सगळे धोके वाढतात. आईला श्वास पुरला तरच बाळाला ऑक्सिजन पुरतो. म्हणून गरोदरपणात दम्याचा उपचार नीट चालू ठेवण्यातच बाळाचं हित आहे.

गरोदरपणात साधारण एक तृतीयांश स्त्रियांचा दमा सुधारतो, एक तृतीयांश जणींचा वाढतो आणि उरलेल्यांचा तसाच राहतो. तुमचा कोणत्या वाटेनं जाईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून दर तपासणीला दम्याबद्दलही बोला. रोजचा सूज कमी करणारा पंप आणि धाप लागल्यावर घ्यायचा साल्ब्युटामॉलचा पंप, दोन्ही गरोदरपणात चालतात. सूज कमी करणाऱ्या पंपांपैकी ब्युडेसोनाइडची गरोदरपणातली माहिती सर्वांत जास्त आहे. पण तुमचा दमा दुसऱ्या पंपावर चांगला ताब्यात असेल, तर केवळ गरोदरपणासाठी तो बदलायची सहसा गरज नसते.

धाप लागल्यावरचा पंप आठवड्यातून दोनापेक्षा जास्त वेळा लागत असेल किंवा रात्री खोकल्यानं झोपमोड होत असेल, तर दमा ताब्यात नाही असं समजा आणि पुढच्या तपासणीची वाट न पाहता दाखवा. पंप घ्यायची पद्धत डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा. पंपाला स्पेसर, म्हणजे पोकळ नळी, लावून घेतला तर औषध घशात कमी आणि फुप्फुसात जास्त जातं. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरा.

बाळंतपणासाठी नाव नोंदवताना ‘मला दमा आहे’ हे केसपेपरवर लिहून घ्या. रक्तदाबासाठी दिलं जाणारं लॅबेटालॉल आणि बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं कार्बोप्रोस्ट, ही दोन औषधं दम्यात त्रास देऊ शकतात. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर ते पर्यायी औषध तयार ठेवतात. कळा सुरू झाल्यावर पिशवीत पंपही असू द्या.

धाप लागते, पण दमा नाही

गरोदरपणात जिना चढताना थोडी धाप लागणं साहजिक आहे. संप्रेरकांमुळे श्वास खोल होतो आणि शेवटच्या महिन्यांत वाढलेलं गर्भाशय छातीच्या पडद्याला वर ढकलतं. ही धाप हळूहळू वाढत जाते, बसल्यावर कमी होते आणि तिच्यासोबत छातीत सूं-सूं आवाज येत नाही.

पण आपल्याकडे धापेचं एक मोठं कारण रक्त कमी असणं हे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की थकवा, छातीत धडधड आणि धाप सुरू होऊ शकते आणि ‘ॲलर्जीनं दम लागतोय’ असं वाटून मूळ कारण मागे राहतं. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या निदान १८० दिवस घ्यायच्या असतात. त्या चहा-कॉफीसोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका. मध्ये दोन तासांचं अंतर ठेवा आणि लिंबू-आवळ्यासारखं आंबट काही सोबत घ्या, म्हणजे लोह अंगी लागतं.

एकाएकी लागलेली धाप, छातीत दुखणं, एकाच पायाला सूज आणि दुखणं, किंवा आडवं झाल्यावर गुदमरणं, ही साहजिक धाप नव्हे. पायातली रक्ताची गुठळी किंवा हृदयाचा त्रास असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.

प्रत्येक खाज ॲलर्जीची नसते

पोट वाढतं तशी कातडी ताणली जाते आणि कोरडी पडून खाजते. त्याला साधं खोबरेल तेल पुरे. कधी शेवटच्या महिन्यांत पोटावरच्या ताणाच्या रेघांत लाल, खाजरे पुरळ उठतात आणि बेंबीभोवतीची जागा मोकळी राहते. त्यानं बाळाला धोका नसतो, डॉक्टर लावायला मलम देतात आणि बाळंतपणानंतर ते जातात.

अंगावर गांधी उठणं, ज्याला आपण ‘पित्त उठलं’ म्हणतो, तो मात्र ॲलर्जीचा प्रकार असू शकतो. आमसुलाच्या पाण्यानं थोडा गारवा मिळतो आणि डॉक्टरांनी सांगितलेली सेटिरिझिनसारखी गोळी चालते. पण गांधींसोबत ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर ती जीवघेणी ॲलर्जी आहे. अशा वेळी ॲड्रेनालिनचं इंजेक्शनच जीव वाचवतं आणि गरोदर आहे म्हणून ते टाळायचं नसतं. रुग्णवाहिका येईपर्यंत तिला डाव्या कुशीवर झोपवा. श्वास फारच लागत असेल तर पाठ टेकवून बसवा, पण उभं करू नका आणि चालवू नका.

सर्वांत दुर्लक्षित राहणारी खाज तळहात आणि तळपायांची. अंगावर पुरळ नाही, पण रात्री तळवे इतके खाजतात की झोप लागत नाही. हे शेवटच्या तीन महिन्यांत झालं, तर यकृतातलं पित्त रक्तात साठत असल्याची ती खूण असू शकते. त्यासाठी रक्तातल्या पित्ताम्लांची आणि यकृताची तपासणी करावी लागते, कारण हा त्रास वाढला तर पोटातल्या बाळाच्या जीवाला धोका असतो. ‘ॲलर्जी असेल’ म्हणून गोळी घेऊन ही खाज दाबू नका.

पुरळासोबत ताप असेल, तर तीही ॲलर्जी समजू नका. डेंग्यू, कांजिण्या, रुबेला आणि झिका यांतही पुरळ येतात. २०२४ मध्ये पुण्यात झिकाचे रुग्ण आढळले, त्यांत गरोदर स्त्रियाही होत्या. यांतल्या काही आजारांचा बाळाच्या वाढीवर परिणाम होतो, म्हणून वेळेवर तपासणी हवी.

शिंकांची भीती आणि खाण्याची बंधनं

जोरात शिंक आली की पोटात चमक येते आणि बाळाला धक्का बसला की काय असं वाटतं. बाळ पाण्यानं भरलेल्या पिशवीत सुरक्षित असतं, शिंकेनं किंवा खोकल्यानं त्याला इजा होत नाही. ती चमक गर्भाशयाच्या ताणलेल्या बंधांची असते. शिंक येतेय असं वाटताच थोडं पुढे वाका, गुडघे सैल सोडा आणि पोटाला हातानं आधार द्या. शिंकताना लघवीचे थेंब जाणं लाजण्यासारखं नाही, अनेकजणींना ते होतं. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू रोज थोडा वेळ आवळायचे आणि सोडायचे. या व्यायामानं हळूहळू फरक पडतो. सतत ओलेपणा राहिला तर मात्र गर्भजल तर जात नाही ना, हे तपासून घ्या.

सर्दी होईल म्हणून दही, केळं, पेरू, ताक बंद करायची आपल्याकडे रीत आहे. परागकणांची किंवा धुळीची ॲलर्जी या पदार्थांनी होत नाही आणि ते सोडले तर आईचं पोषण मात्र कमी होतं. बाळाला ॲलर्जी होऊ नये म्हणून आईनं शेंगदाणे, अंडी, दूध सोडावं, यालाही आधार नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दर वेळी तुम्हालाच गांधी किंवा ओठांना खाज येत असेल, तर तेवढाच टाळा आणि डॉक्टरांना सांगा.

थांबायचं नाही अशा खुणा

खालीलपैकी काहीही दिसलं तर दिवस-रात्र न पाहता रुग्णालयात जा. महाराष्ट्रात १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते, गरोदर स्त्रियांसाठी १०२ ची सोयही आहे.

• पंप घेऊनही धाप कमी होत नाही, एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा ऑक्सिजन ९५ च्या खाली जातो.
• ओठ, जीभ किंवा घसा सुजतो.
• ताप उतरत नाही, किंवा तापासोबत पुरळ आहेत.
• चेहऱ्यावर-हातांवर एकाएकी सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा रक्तदाब १४० / ९० किंवा त्याहून जास्त.
• पुरळ नसताना तळहात-तळपायांना तीव्र खाज.
• नाकातलं रक्त बसून, पुढे वाकून, नाकाचा मऊ भाग दहा-पंधरा मिनिटं दाबूनही थांबत नाही.
• बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी जाणवते, अंगावरून रक्त किंवा पाणी जातं.

तपासणीला जाताना

डॉक्टरांकडे पाच-दहा मिनिटंच मिळतात, तेव्हा तयारी करून जा. किती आठवडे झाले, त्रास कधी सुरू झाला, कशानं वाढतो, आधी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली होती, हे लिहून न्या. सध्या चालू असलेलं प्रत्येक औषध, पंप, थेंब, मलम आणि काढा पिशवीत घालूनच न्या. माता-बाल संरक्षण कार्ड सोबत असू द्या. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जवळ तज्ज्ञ नसतील तर आशाताईंना विचारून त्या दिवशी जा.

बाळंतपणानंतरही हाच नेम. अंगावर पाजताना दम्याचे पंप, नाकातले फवारे, लोराटाडिन किंवा सेटिरिझिन डॉक्टरांच्या सल्ल्यानं चालतात, औषधासाठी दूध तोडायची गरज नसते. आई-बाळाला ओवा-बाळंतशेपांची धुरी देण्याची पद्धत मात्र थांबवा. बंद खोलीतला धूर बाळाच्या इवल्या श्वासनलिकांना आणि दम्याच्या आईला, दोघांनाही बाधतो. ऊब हवी असेल तर कोमट पाण्याची आंघोळ आणि मऊ सुती कपडे पुरेसे आहेत.

घरच्यांनाही एक विनंती आहे. ती ‘श्वास लागतो’ किंवा ‘तळवे खाजतात’ म्हणाली, तर तिला सोसायला सांगू नका आणि डब्यातली गोळीही शोधू नका. काय होतंय, कधीपासून होतंय, एवढं विचारा आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.